डोळ्यावर फडकं बांधलेला मासा

करंजवेळच्या कोटाच्या दरवाज्यावर एक दगडी पापलेट कोरलेलं आहे. अधूनमधून त्याच्या डोळ्यावर फडकं बांधलेलं दिसतं. पाहुण्यांना वाटतं, दुरुस्ती चालली असेल. मग म्हातारे धाकू नाखवा त्यांना पायरीवर बसवून सांगतात ते असं.

फार पूर्वी इथल्या राजाला राज्याच्या निशाणावर चित्र हवं होतं. वाघ, हत्ती, गरुड शेजारच्या राजांनी आधीच अडवले होते, उरला समुद्र. म्हणून मासळी विकणाऱ्या दोघी जावांना टोपल्यांसकट दरबारात बोलावलं. थोरली चांगुणा पापलेट विकायची, धाकटी बायजा बोंबील. प्रधानाने बोंबील उचलला, तर तो हाताच्या दोन्ही बाजूंनी लोंबला. पापलेट मात्र चांदीच्या तबकासारखं चमकलं. तेच निशाणावर चढलं, दरवाज्यावरही कोरलं गेलं. चांगुणेला शालू मिळाला आणि बायजेला घरापर्यंत त्या शालूच्या मागून चालावं लागलं.

तो शालू दोरीवर दिसला की बायजेच्या डोळ्यांत मीठ गेल्यासारखं होई, असे सांगतात. शेवटी ती राजापुढे उभी राहिली.

"महाराज, राज्याचं निशाण लोकांनी कालवणात घालायचं का?"

राजाला पटलं. राजांना असलं लगेच पटतं. दवंडी पिटली: पापलेट खाईल तो हद्दपार. चांगुणेकडे शालू राहिला, टोपली रिकामी झाली. ती दुसऱ्यांची मासळी सुकवू लागली आणि बायजेच्या बोंबलाला भाव चढला.

पुढे बायजेला दिवस गेले. डोहाळे लागले, म्हणे, पापलेटचेच. बोंबलाच्या वासानेही तिला उमळून येई. सांगणार कोणाला? अन्न सुटलं, गालफडं बसली.

चांगुणेने ते ओळखलं. एके दुपारी तिने दरवाज्याला शिडी लावली, शालूचा पदर फाडून दगडी माशाचा डोळा बांधला आणि ताट घेऊन बायजेकडे आली. वर बोंबील, खाली पापलेटचा तुकडा.

"बोंबील हाय. काटा बघून खा."

"बोंबलाला कसला काटा, जाऊबाय?"

"गप जेव. दरवाज्यावरचा आज बघत नाय."

बायजेने ताट चाटूनपुसून साफ केलं. तिचे डोळे भरून आले. पण उपकाराने नव्हे, असं नाखवा बजावून सांगतात. शालू थोरलीला, मान थोरलीला. आता एवढं मोठं मनही हिच्याच वाट्याला यावं?

राजा गेला, निशाण गेलं, पापलेट बाजारात राजरोस विकलं जातं. तरी आजही करंजवेळला कोणाचं डोहाळजेवण असलं की माशाचा डोळा बांधतात आणि थोरली जाऊ बोंबलाखाली तुकडा लपवून वाढते. धाकटीने तो खाऊन 'बोंबील झकास झालाय' म्हणायचं असतं. म्हणताना तोंड थोडं वाकडं झालं तर कोणी रागावत नाही. तोही रिवाजच आहे.