ढलप्याच्या गळ्यातली कडी

त्या पटावर कोणी आपल्या कष्टाने मोठं होत नसे. कवडी मोठं करी. लढाई संपली की प्यादी रांगेने कवडीपुढे जात. ती उताणी पडली तर गळ्यात पितळी कडं पडे, पालथी पडली तर नुसता वारा. कडी जास्त तर घाव कमी लागे. मात्र पितळेला वजन असतंच. पूर्वी पटभर हुंदडणारं प्यादं मग दोन घरांत धापा टाकी.

होता होता काही प्यादी पितळेचे रांजण झाली, काही काटक्याच राहिली. रोज भांडणं होऊ लागली. तेव्हा न्यायासाठी तराजू आणून बसवला. त्याने जोड्या लावल्या आणि जोडीमागे एकच कडं ठेवलं. थोरल्याने कवडी टाकायची. उताणी पडली तर कडं त्याचं, पालथी पडली तर धाकट्याचं. लबाड प्यादी कवडीच्या पाठीला मेण लावत, म्हणजे ती उताणी पडे. म्हणून तराजू प्रत्येक वेळी पाठ तपासून घेई. तोंडाकडे कोणी बघत नसे.

"आज ना उद्या पारडी सारखी होतात," तराजू म्हणाला. बहुतेक जोड्यांत झालीही.

खुंट्या आणि ढलप्या एकाच बाभळीच्या ओंडक्यातले सख्खे भाऊ. त्यांचं मात्र जुळेना. थोरला खुंट्या कवडी उचली, बोटांत घोळवी, तिच्या फटीत फुंकर मारी आणि टाकी. पालथी. पुढच्या वेळीही पालथी.

"दादा, हा हात आहे का फुटकं मडकं?" ढलप्या कडी खुळखुळवत हसे. "तुझं नशीब तुंबलंय बघ. एक दिवस धरणासारखं फुटेल."

"फुटू दे की. पण बुडशील तूच, लेका, एवढं पितळ घेऊन."

ढलप्याची मान दिसेनाशी झाली, खुंट्याची उघडीच राहिली. तसा ढलप्या हसायचा थांबला. एकदा तो तावातावाने तराजूकडे गेला.

"आमच्या दादाकडे बघा की जरा! त्याची पाळी कधी यायची?"

तराजूचा काटा थरथरला. "पाळी आपण मानतो, बाबा. कवडीला कालचं काही आठवत नाही."

मग काळा हत्ती पटाच्या कडेला आला. या वेळी लढाईआधीही एकदा कवडी टाकायला मिळणार होती.

"आज मी टाकतो," ढलप्या म्हणाला.

"थोरल्याने टाकायची. रीत आहे."

"रीत गेली खड्ड्यात! मान बघ तुझी! एका फटक्यात जाशील!"

खुंट्याने कवडी घोळवली, फुंकर मारली. पालथी. कडं गळ्यात पडताच ढलप्या किंचाळला, "मर मग तसाच!"

"ओरडू नकोस," खुंट्या म्हणाला. "कडी वाजतात."

हत्तीने आधी ढलप्यालाच धडक दिली. कडी ठणाणली, तो जागचा हलला नाही. हत्ती चिडून वळला. खुंट्या तीन घरं पलीकडे होता. ढलप्या धावला. एक घर गेलं. दुसऱ्यात कडी मान खाली ओढू लागली, पाय उचलेनात. तिसऱ्यात तो पोचला, तेव्हा हत्ती पुढे निघून गेला होता.

पटावर एक रीत होती. पडलेल्या प्याद्याला पेटीत निजवायच्या आधी घरच्याने त्याची मूठ उघडायची. जाणाऱ्याने रिकाम्या हाताने जावं म्हणून. ढलप्याने दादाची मूठ उघडली. आत मेणाची एक गोळी होती, वाटाण्याएवढी. तिच्यावर कवडीच्या तोंडाचे बारीक बारीक दात उमटले होते.

ढलप्याने गोळी आपल्या मुठीत घेतली. पेटीचं झाकण लागलं तरी तो तिथून हलेना. शेवटी त्याला चौघांनी उचलून नेलं, आणि तेही पितळेच्या वजनाला शिव्या देत.

पुढे तराजूने त्याच्या जोडीला फांट्या दिला. ओल्या लाकडाचा, अंगावर अजून साल, तोंड मात्र अखंड चालू.

"दादा, तुझ्याजवळ ढीगभर कडी आहेत. एखादं दे ना मला!"

"गळ्यातलं निघत नाही," ढलप्या म्हणाला.

त्यांची पाळी आली. तराजूने कवडीची पाठ तपासली. ढलप्याने ती उचलली, बोटांत घोळवली, फटीत फुंकर मारली आणि टाकली.

"पालथी!" फांट्या टाळ्या पिटत नाचला. "एवढी कडी, आणि हात बघा, फुटकं मडकं!"

"ओरडू नकोस," कवडी उचलून मूठ मिटत ढलप्या म्हणाला. "कडी वाजतात."