रिकाम्या गाडीचा तोल

एकदा एका शर्यतीच्या आदल्या दिवशी एक शिष्य आपल्या गुरूवर चिडला. गुरूवर चिडणं शहाणपणाचं नव्हे. पण जिद्दी माणसाला ते सांगायचं कुणी?

गुरू म्हणजे दौलतवस्ताद. शर्यतीच्या मोटारी जुळवण्यात त्यांचे केस पिकलेले. शिष्य इंद्रजित, त्यांनीच घडवलेला चालक. उद्याची शर्यत हंगामातली अखेरची होती. ती हरला, तर मालक गाडी दुसऱ्याच्या हाती देणार होता. आणि गाडी उजव्या वळणावर अगदी गुणी. डावं वळण आलं की घसरायची! इंद्रजितने टायर बदलले, रस्त्याला नावं ठेवली, मेकॅनिकला फैलावर घेतलं. नाचता येईना अंगण वाकडं, दुसरं काय!

वस्तादांनी चारी चाकांखाली वजनकाटे ठेवायला लावले.

"ते मी कधीच केलंय," इंद्रजित म्हणाला. "डावी-उजवी बाजू समसमान आहे. बघा."

काटे खरोखरच समान होते.

"उत्तम. आता हेल्मेट घाल आणि आत बैस."

"उभ्या गाडीत हेल्मेट? वस्ताद, वेळ कुठंय आपल्याकडं?"

"बैस म्हणतो ना!"

धुसफुसत तो चालकाच्या जागी बसला. वस्ताद काट्यांभोवती फिरत राहिले. घामाने निथळत इंद्रजित ओरडला, "अहो, काय बघताय एवढं?"

"तुला बघतोय. उजवीकडचे काटे केवढे चढलेत बघ! लेका, तू बाजूला उभा राहून गाडी तोललीस. उद्या ती एकटी पळणार आहे का? डाव्या वळणावर भार उजव्या चाकांवर येतो, आणि तिथं तू आधीच बसलेला."

इंद्रजितचा चेहरा उतरला. "म्हणजे दोष माझ्या वजनाचा?"

"वजनाचा नव्हे रे. चालवणाऱ्यावाचून गाडी कसली? ते मोजलं नाहीस, हा दोष. मोजलं की त्याची सोय करता येते."

त्याला तसंच बसवून वस्तादांनी बॅटरी डावीकडे हलवली, एकेका चाकाची स्प्रिंग पिळून जुळवली. काटे पुष्कळसे जवळ आले.

दुसऱ्या दिवशी शेवटच्या फेरीत, एका डाव्या वळणावरच इंद्रजितने पुढची गाडी मागे टाकली. मालकाने गाडी त्याच्याकडेच ठेवली. लोक पाठ थोपटत होते, पण तो तडक मेकॅनिककडे गेला.

"चुकलं माझं," तो म्हणाला. "तुझ्यावर तोंडसुख घेतलं, तेव्हा मी स्वतः काट्यावर नव्हतो."

घरात, कचेरीत काही कलंडत असेल, तर दुसऱ्याला जोखण्याआधी आपणही आत बसून पाहावं.