पाटीभर पिल्ले

पूर्वी वेणुपूर नगरात रुचिर नावाचा राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्व एका धान्यविक्रेत्याच्या कुळात जन्माला आला. वेशीजवळ त्याचे दुकान होते. जोंधळा, तीळ, मीठ यांबरोबर तिथे कोंबडीची पिल्लेही मिळत. नदीपलीकडे एक म्हातारा भाताच्या उबदार तुसात अंडी उबवी; त्याची पिल्ले गाडीतून दुकानात येत.

एका हिवाळ्यात विणकरांच्या आळीत मुंगूस शिरले आणि घरोघरच्या कोंबड्या मारून गेले. तेव्हा उत्पला नावाची विणकरीण दुकानात आली. सहा पिल्ले ठेवा, म्हणाली, पण शेजारच्या रोहिणीला कळू देऊ नका. थोड्या वेळाने रोहिणी आली. तिलाही थोडीच पिल्ले हवी होती, आणि तेही उत्पलेच्या कानी जाऊ द्यायचे नव्हते. सूत वाळत घालण्याच्या जागेवरून त्यांचे भांडण झाले होते, आणि त्यापायी सारी आळी दुभंगली होती. मग आणखी काही जणी आल्या, एकेकट्या, पदराआड टोपली लपवून.

पिल्लांची गाडी आली, पण वाटेत गार वारा लागून पिल्ले माना टाकून बसली होती. बोधिसत्त्वाचा धाकटा भाऊ भद्रक म्हणाला, आजच विकून टाकू, उद्या कोण घेईल?

बोधिसत्त्व म्हणाला, “ज्यांची खुराडी नुकतीच रिकामी झाली, त्यांच्या हाती मरू घातलेली पिल्ले कशी देऊ?”

पिल्ले न्यायला बायका एकाच वेळी आल्या तेव्हा त्याने खरे ते सांगितले आणि म्हाताऱ्याकडेच जायला सुचवले. उत्पला खाली बघत म्हणाली, मी आधीच जाऊन आले. इतकी थोडी पिल्ले वाटेत गारठून मरतात म्हणून तो देत नाही. पाटीभर घ्या म्हणतो. रोहिणी भिंतीकडे तोंड करून म्हणाली, मलाही त्याने हेच सांगितले.

बोधिसत्त्वाला हसू आले. “मग सगळ्या मिळून पाटी भरा की, बायांनो. गाडी माझी न्या.”

अशाने यांना म्हाताऱ्याकडेच जायची सवय लागेल आणि आपले गिऱ्हाईक जाईल, असे भद्रकाने कानात सांगितले. जाईना का, असे म्हणून बोधिसत्त्वाने बैल जुंपले.

येताना नदीवर झोंबरा वारा सुटला. पाटीत पिल्ले एकमेकांना बिलगली. कडेचे पिल्लू मध्ये घुसे आणि मधले कडेला येई. बायका पाटीभोवती खांद्याला खांदा लावून बसल्या. रोहिणीने आपली शाल पाटीवर घातली. ती पुरेना, तेव्हा उत्पलेने आपली घातली. बऱ्याच वेळाने रोहिणी म्हणाली, “यातली तुझी कुठली गं?”

“आता कोण ओळखणार?” उत्पला म्हणाली, आणि साऱ्या गाडीत हसू फुटले.

ओळखता येईनात म्हणून आळीने एकच मोठे खुराडे बांधले. इकडे बोधिसत्त्वाने आजारी पिल्ले गरम तुसात ठेवून त्यांना गुळाचे पाणी पाजले. रात्री भद्रकच उठून तूस बदली. बहुतेक पिल्ले जगली, आणि ती त्याच्या मागेमागे दुकानभर फिरू लागली.

पुढे त्या बायका कण्या घ्यायला येत त्या सगळ्या मिळून, आणि इतक्या बोलत की भद्रक माप घालायचे विसरे.

ही कथा सांगून शास्ते म्हणाले, “भिक्खूंनो, तेव्हाच्या उत्पला आणि रोहिणी म्हणजे आज एकाच वृक्षाखाली बसणाऱ्या या दोन भिक्खुणी. भद्रक म्हणजे आजाऱ्यांची सेवा करणारा तो हसरा भिक्खू. धान्यविक्रेता मीच होतो. त्या जन्मी मी मैत्रीची पारमिता म्हणजे पूर्णता आचरली.”