ठिपकीच्या घंटीतला बोळा

फार मागची गोष्ट, शेळ्या माणसाशी बोलायच्या तेव्हाची. म्हाकू धनगराकडे वीस शेळ्या होत्या आणि प्रत्येकीच्या गळ्यात घंटी. पाला ओरबाडला की घंटी वाजे, माशी हाकलली की वाजे, उगाच मान हलवली तरी वाजे. म्हाकूचं डोकं भणभणायचं. एक दिवस चिडून त्यानं जुनी घोंगडी फाडली, विसाच्या वीस घंट्यांत बोळे कोंबले आणि बाभळीखाली ताणून दिली. गाढवपणा, दुसरं काय!

उठून मोजतो तर एकोणीसच. गाभण ठिपकी नव्हती. ऊन उतरेपर्यंत तो रान पालथं घालत फिरला, तेव्हा एका घळीत ती दिसली. बोरीच्या काट्यांत अडकून, मान हलवून हलवून दमली होती.

"किती हाका मारल्या रे तुला," ती म्हणाली. "पण घंटीचं तोंड तूच बांधलंस."

"चुकलं गं बाई माझं." म्हाकूनं काटे सोडवायच्या आधी तिचा बोळा उपटून फेकला. घरी येऊन नेहमी भटकणाऱ्या दोन शेळ्यांचे बोळे अर्धे काढले, घंटी हळू वाजण्यापुरते. बाकीच्या शहाण्या शेळ्यांचे तसेच ठेवले.

चार दिवसांनी ठिपकी व्याली. करडू लटपटत उभं राहिलं, तशी तिनं म्हाकूपुढं मान वाकवली.

"घाल आता बोळा. मी कुठं जात नाही."

"बरं. आणि?"

"याला घंटी बांध. मोकळी."

दुपारभर ती घंटी किणकिणत होती. म्हाकू बाभळीखाली आडवा झाला होता, पण ती जरा थांबली की डोळे उघडून बघत होता.