महाराजांची मान आणि चिंचोक्याएवढं भिंग

“महाराज, जरा वाकून बघा की!”

लिंबाजी काचकर एवढंच बोलला मात्र, वेळूगडचे भुजंगराव महाराज लालबुंद झाले. “वाकून? आम्ही? अरे, देवळाचा दरवाजा ठेंगणा होता, तर आम्ही दरवाजा उंच करून घेतला, पण मान खाली घातली नाही! आणि तुझ्या या काचेच्या टिकलीपुढे वाकू?”

त्याचं असं झालं होतं. महाराजांना जुन्या नाण्यांचा भारी नाद. त्यात खुद्द पणजोबांनी पाडलेलं एक नाणं हाती लागलेलं. त्यावरची अक्षरं मुंगीच्या पायासारखी! ती वाचायची तर भिंग हवं, म्हणून गावातल्या एकुलत्या एका भिंगवाल्याला, म्हणजे लिंबाजीला बोलावणं गेलं. पण महाराजांची बघायची तऱ्हाच न्यारी. नाणं समोर चौरंगावर, मखमलीवर. महाराज गादीवर ताठ. आणि भिंग धरलेला हात लांब केलेला, ओवाळायला निघाल्यासारखा! अशानं दिसणार काय, कपाळ? महाराज एकेक भिंग घेत आणि म्हणत, “अंधुक!” लगेच दिवाण त्रिंबकराव तस्साच हात लांब करून म्हणत, “साफ अंधुक, सरकार!” मग त्यांच्या मागचे मानकरी. त्यांतल्या एकाचंही कोपर वाकेल तर शपथ.

“ऐक, लिंबाजी,” महाराज गरजले. “उद्या सकाळी असं भिंग आण, की आमची मान तसूभरही न वाकता अक्षरं दिसली पाहिजेत. नाही जमलं, तर दुकानाला टाळं! बिऱ्हाड उचलायचं आणि गाव सोडायचं!”

लिंबाजी घरी आला तो डोक्याला हात लावूनच. त्याची लेक आवडी ओट्यावर बसून भिंगं पुसत होती. “आवडे, पोरी, बोचकी बांध,” तो म्हणाला. “असं भिंग ब्रह्मदेवानंही घडवलेलं नाही.” आणि सगळी हकीकत सांगताना त्याला रडूच फुटलं. आवडीनं घरभर नजर फिरवली. आई गेली ती याच घरात, आणि आता हे घर सोडायचं? पण पोरगी होती खमकी!

“आबा, भिंग आहे की आपल्याकडे! आज नेलं होतं तेच उद्या न्यायचं.”

“आणि महाराजांना वाकवणार कोण, तू?”

“कोणीच नाही. तुम्ही फक्त तिथं तोंड उघडू नका म्हणजे झालं!”

दुसऱ्या दिवशी बापलेक दरबारात हजर. आवडीनं दोन भिंगं पुढे ठेवली. एक पापडाएवढं, एक चिंचोक्याएवढं. महाराजांनी मोठं उचललं, हात लांब केला. नाणं सगळं दिसलं, पण अक्षरं होती तेवढीच.

“मोठ्या भिंगाचं असंच असतं, सरकार,” आवडी म्हणाली. “दिसतं सगळं, वाढत काही नाही. आपल्यासाठी निवडायचं तर हे लहान!”

महाराजांनी लहान भिंग घेतलं, पुन्हा हात लांब केला. “यात तर नुसतं धुकं!”

“दाट धुकं, सरकार!” दिवाणजी म्हणाले. त्यांनी तर अजून भिंग हातातही घेतलं नव्हतं.

लिंबाजीनं मनातल्या मनात बोचकी बांधायला घेतली. आवडी मात्र नाण्याकडे टक लावून बघत होती. “महाराज, एक विचारू? हे नाणं थोरल्या महाराजांचं ना?”

“अलबत! आमच्या पणजोबांचं.”

“आणि हाती लागल्यापासून आपण ते एकदाही डोळ्यांना लावलं नाही? आमच्या हातून साधा पैसा पडला, तरी आम्ही उचलून आधी डोळ्यांना लावतो, मग कनवटीला!”

महाराज चपापले. दरबारासमोर पोरीनं रीत शिकवावी? पण बोलणं खरं होतं. त्यांनी झटकन नाणं उचललं.

“थांबा महाराज! आधी भिंग. तेही पहाटे देवापुढे ठेवून आणलंय. ते उजव्या डोळ्याला लावा आणि तसंच धरा. आता थोरल्या महाराजांना हळूहळू वर आणा... हळू... आणखी जरा...”

“अरेच्चा!” महाराज ओरडले. “दिसलं! ‘श्री’ दिसलं! वेलांटीचं टोक झिजलंय तेसुद्धा दिसलं! हे खाली आजोबांचं... नव्हे, पणजोबांचंच नाव!”

मान? खांबासारखी ताठ!

“लख्ख दिसतं, सरकार!” दिवाणजी म्हणाले. भिंग तर अजून महाराजांच्याच डोळ्याला होतं!

महाराजांनी भिंग खाली घेतलं. हळूहळू त्यांच्या ध्यानात आलं, भिंग तर कालचंच! कपाळावर आठ्या चढल्या. “पोरी, खरं सांग. काल तुझा बाप चुकला, की आम्ही चुकलो?”

आता आली का पंचाईत! बाप चुकला म्हणावं तर बाप गुन्हेगार ठरतो, आणि महाराज चुकले म्हणावं तर पाठीवर कोरडे! लिंबाजीनं डोळेच मिटले.

आवडीनं हात जोडले. “दोघंही नाही, सरकार. चुकलं ते नाणं!”

“नाणं?”

“नाही तर काय! गादीवर आज आपण आहात. भेटायचं तर त्यानं वर यायला हवं होतं. काल दिवसभर खालीच लोळत पडलं!”

महाराजांनी एकदा नाण्याकडे बघितलं, एकदा आवडीकडे. मग महाराज असे हसले, असे हसले, की डोक्यावरचा मंदिल तिरका झाला आणि सावरायलाही सुचेना! “शाबास! अस्सल राजाच्या नाण्याला मुजोर ठरवलंस की गं! लिंबाजी, दुकान तुझं, घर तुझं, आणि आजपासून आमच्या सगळ्या भिंगांचं काम तुझं! पोरीला पैठणी द्या, सोन्याचं कडं द्या!”

आणि हसता हसताच भिंग डोळ्याला लावून त्यांनी फर्मावलं, “त्रिंबकराव, या, जवळ या! आणखी जवळ! न बघता बघणारा डोळा कसा असतो, तो एकदा बघू द्या आम्हाला!”