सातदारी किल्ला आणि न खेळलेला मुका डाव

फार वर्षांपूर्वी, इतक्या वर्षांपूर्वी की त्या राज्याचे नाव सांगायलाही आता कुणी उरलेले नाही, एका नदीकाठच्या बाजारपेठेत एक खेळघर होते. तिथे सारीपाट, सोंगट्या, भोवरे, लाकडी कोडी असे नाना खेळ बनत. चाळीस कारागीर तिथे राबत आणि चाळीस घरांच्या चुली त्यावर पेटत. खेळघराचा धनी होता सिदोजी.

सिदोजीच्या बापाने एक रीत घालून दिली होती. तिला म्हणत मुका डाव. नवा खेळ विकायला काढण्याआधी रस्त्यावरची तीन अनोळखी माणसे बोलवायची, खेळ त्यांच्यापुढे ठेवायचा आणि कारागिरांनी हात मागे बांधून भिंतीला टेकून बसायचे. खेळणारा अडो, चुको, वैतागो, कारागिराने तोंडातून अक्षर काढायचे नाही. वाचायला सोपे वाटते, पण आपल्या हातची वस्तू दुसरा चुकीची हाताळताना गप्प बसणे म्हणजे मोठी शिक्षा. एका सुताराने तर उपरण्याचा बोळा तोंडात कोंबून घेतला होता म्हणे!

पण या रीतीमुळेच लोक डोळे मिटून त्या खेळघरातला खेळ विकत घेत.

एका वर्षी सिदोजीच्या डोक्यात नवा खेळ आला. पाटाएवढा लाकडी किल्ला, त्याला सात दारे. वरून गोटी सोडायची आणि दोघांनी आळीपाळीने खिट्ट्या फिरवून एकेक दार उघडत ती खाली आणायची. नाव ठेवले सातदारी. दारे कातायचे काम सखबा कातारी करी. त्याच्या हाताला अशी सफाई होती की, लाकूड कातले की मुळातच तसे उगवले हे कळू नये.

सिदोजीने गावोगाव दवंडी पिटवली. "असा खेळ झाला नाही, होणार नाही! चैत्राच्या जत्रेला मिळेल! आत्ता एक रुपया द्या, आपले नाव नोंदवून ठेवा!" सहाशे माणसांनी रुपया दिला. इतका पैसा सिदोजीने एका ठिकाणी कधी पाहिला नव्हता. पाहिला, आणि त्याला राहवेना. त्याने खेळघरापुढे खांबांची मोठी ओसरी बांधायला घेतली, दाराला पितळी कड्या लावल्या आणि उरलेल्या कामासाठी सावकाराकडूनही पैसे उचलले. खेळ अजून तयार नव्हता, ओसरी मात्र तयार झाली. बाजारात तुरी अन् भट भटणीला मारी, असा सगळा कारभार.

जत्रेला पाच दिवस उरले तेव्हा रंगकाम करणारी तुळसाक्का त्याच्याकडे आली. तिने सिदोजीला अंगाखांद्यावर खेळवले होते, म्हणून ती त्याला अरे-तुरे करी.

"सिदोजी, मुका डाव कधी बसवतोस?"

"आक्का, यंदा वेळ नाही. सहाशे किल्ले रंगवून व्हायचेत अजून."

"वेळ काढावा लागतो, बाबा. तुझ्या बापानं एकदाही चुकवला नाही."

"अगं, आपण चाळीस जण दोन महिने हाच खेळ खेळतोय. एकदा तरी गोटी अडकली का? सांग, अडकली?"

तुळसाक्काला नाही म्हणावे लागले, कारण खरेच अडकली नव्हती. ती परत रंगाच्या वाट्यांपाशी जाऊन बसली.

जत्रेच्या दिवशी सकाळी सहाशे किल्ले हातोहात गेले. सिदोजी नव्या ओसरीवर फेटा बांधून उभा होता आणि लोकांचे नमस्कार घेत होता. दुपार झाली आणि पहिला माणूस परत आला. गोटी चौथ्या दारात अडकली होती. मग दुसरा आला, मग दहा आले, मग ओसरीवर पाय ठेवायला जागा उरेना. कुणी गोटी काढायला किल्ला आपटला होता, कुणी दारात सुई घातली होती, बहुतेकांची खिट्टी तुटली होती.

सिदोजीने एक किल्ला आत नेला आणि दार लावून स्वतः खेळून पाहिला. गोटी सुरळीत खाली आली. पुन्हा खेळला. पुन्हा आली. "लोकांनाच खेळता येत नाही!" तो चिडून म्हणाला.

आत बसलेली तुळसाक्का म्हणाली, "हात मागे बांध आणि परक्याला खेळू दे."

मागच्या दाराने एका भाजीवालीला आत घेतले. तिने गोटी सोडली. पहिले दार, दुसरे, तिसरे, आणि चौथ्यात गोटी अडकली. सिदोजीने तिच्या हातांकडे पाहिले, मग स्वतःच्या हातांकडे पाहिले.

जत्रा गाठायच्या घाईत कारागीर पहिल्या दिवसापासूनच रंग वाळायच्या आत किल्ले खेळून बघत. ओल्या रंगावर किल्ला सरकू नये म्हणून डाव्या अंगठ्याने कोपरा दाबून धरायची सगळ्यांना सवय जडली होती. कोपरा दाबला की चौथे दार केसभर सैल होई आणि गोटी निघे. चाळीस जणांचे चाळीस अंगठे रोज खेळातली खोट झाकत होते आणि ते कुणाच्या ध्यानातही आले नव्हते. परका माणूस कोपरा कशाला दाबेल? मुका डाव एकदा जरी बसला असता, तरी पहिल्या घटकेत हे उघड झाले असते.

"झालं ते झालं," तुळसाक्का म्हणाली. "बाहेर जा आणि सांग."

सिदोजी बाहेर गेला. समोर सगळी पेठ उभी होती. व्याही उभे होते, सावकार उभा होता. "कुणाची चूक ही?" कुणीतरी ओरडले. सिदोजीने तोंड उघडले. खरे बोलायचे म्हणूनच त्याने ते उघडले होते, हे त्याच्या बाजूने सांगायला हवे. पण शब्द आले ते भलतेच.

"कातारी चुकला. दारं त्यानं कातली."

सखबा तिथेच, खांबाला टेकून उभा होता. त्याने धन्याकडे पाहिले. धन्याने दिलेल्या मापाबरहुकूम त्याने दारे कातली होती. चोर सोडून संन्याशाला सुळी दिली, हे उभ्या पेठेत त्याला आणि सिदोजीलाच ठाऊक होते, आणि दाराआड उभ्या असलेल्या तुळसाक्काला. लोकांनी सखबाला इतके बोल लावले की, आठ दिवसांत तो बायकोमुलांसह गाव सोडून गेला.

प्रकरण राजाच्या कानी गेले. राजाने निवाडा दिला, "पैसे परत कर. गड्याकरवी पाठवायचे नाहीत. ज्या हाताने घेतलेस, त्याच हाताने दारोदार जाऊन दे."

पैसे होतेच कुठे? ते ओसरीच्या खांबांत गेले होते. ओसरी मोडून खांब विकले, ते निम्म्या भावात गेले. पितळी कड्या सावकाराने नेल्या. पगार द्यायला काही उरले नाही, तेव्हा सिदोजीने पस्तीस कारागिरांना घरी बसायला सांगितले. एकेकाला बोलावून सांगताना त्याची नजर जमिनीवरून वर उठत नव्हती. तुळसाक्काचे नाव त्या पस्तिसांत नव्हते. तरी तिने आपले कुंचले धुतले आणि पदरात बांधले.

"आक्का, तुला कुठं जा म्हटलंय?"

"माझ्या जागी त्या लंगड्या सुताराला ठेव, त्याला चार पोरं आहेत. आणि खरं सांगू? तुझ्या तोंडाकडं बघून मला रंग लावायला जमायचं नाही."

सिदोजीला रडू आले. तिच्यासमोर रडायचीही लाज वाटली, म्हणून तो विहिरीवर जाऊन तोंड धुऊन आला.

मग तो रुपयांची पिशवी घेऊन दारोदार फिरू लागला. दारात उभे राहायचे, "खेळात खोट निघाली, आपला रुपया घ्या," म्हणायचे आणि नमस्कार करून निघायचे. कुणी पाणी विचारी, कुणी दारातूनच हात पुढे करी. एका म्हातारीने रुपया दगडावर वाजवून खरा-खोटा पाहिला. पूर्वी याच गावात त्याचे नाणे कुणी तपासूनही पाहत नसे. असे चारशे दरवाजे झाले.

चारशे एकावे दार एका तेल्याचे होते. तेल्याने रुपया घेतला. त्याच्यामागे आठ-नऊ वर्षांची मुलगी उभी होती. हात तिने पाठीमागे धरले होते.

"आजोबा," ती म्हणाली, "म्हणजे किल्ल्यातच खोट होती?"

"हो, बाळ."

"मग तो माझ्या हातून नाही मोडला?"

तेल्याचा चेहरा पडला. तो हळूच म्हणाला, "जत्रेहून आणला त्याच दिवशी हिच्या हातात मोडला. रुपया गेला म्हणून मी हिला मारलं. तेव्हापासून ही कशाला हात लावत नाही. घागर उचल म्हटलं तर म्हणते, माझ्या हातून फुटेल."

सिदोजी उंबऱ्यापाशी खाली बसला. चारशे घरांत तो गेला होता आणि आपले काय काय गेले याचाच हिशेब करत होता. कुणाकुणाच्या पाठीवर त्याच्या घाईचे वळ उठले असतील, हे एकदाही त्याच्या मनात आले नव्हते.

"नाही गं," तो म्हणाला. "तुझ्या हातून नाही मोडला."

"मग कुणाच्या?"

कातारी, असे म्हणायची जिभेला सवय झाली होती. चारशे दारांत ज्याने ज्याने विचारले, त्याला त्याने तेच सांगितले होते. या पोरीसमोर ते म्हणवेना, आणि दुसरे काही म्हणण्याचे धैर्यही होईना. तो उठला आणि चालू लागला.

उरलेली घरे तशीच टाकून तो थेट तीन गावे पलीकडे सखबाकडे गेला. ज्याने सहाशे किल्ल्यांची दारे कातली, तो सखबा एका झाडाखाली बसून लाटणी कातत होता. बाजूला लाटण्यांचा ढीग पडला होता, कारण त्याचे नाव ऐकले की गिऱ्हाईक पुढे जाई. सिदोजीने डोक्यावरचा फेटा काढला आणि त्याच्या पायाशी ठेवला.

"सखबा, चूक माझी होती. तुझी नव्हती. मला माफ कर."

सखबाने कातायचे थांबवले. फेटा उचलून त्याने परत सिदोजीच्या हातात दिला.

"धनी, हे मला कशाला सांगता? मला तर ठाऊकच होतं. ज्यांना ठाऊक नाही, त्यांना सांगा."

आणि तो पुन्हा कातायला लागला.

पुढच्या बाजाराच्या दिवशी सिदोजी ऐन गर्दीत एका बैलगाडीवर चढला. समोर तीच पेठ होती, तेच व्याही, तोच सावकार. गर्दीच्या कडेला तो तेली होता आणि त्याच्या खांद्यावर ती मुलगी होती.

"ऐका," सिदोजी म्हणाला. "सातदारी कुणाही पोराच्या हातून मोडली नाही. सखबा कातारी चुकला नाही. मला पैशांची आणि मोठेपणाची घाई झाली होती, म्हणून मी मुका डाव बसवला नाही. आणि खोट कळल्यावर, कळूनसवरून, मी तुमच्यापुढं खोटं बोललो. सहाशे किल्ले मोडले ते माझ्या हातून."

टाळी कुणी वाजवली नाही. काही जण तर आधीपेक्षा जास्त चिडले, आणि ते बरोबरच होते. सावकाराने दुसऱ्याच दिवशी खेळघराची निम्मी जागा लिहून घेतली. सखबा परत आला नाही, पण त्याची लाटणी आठवड्याभरात संपली. सिदोजीने उरलेल्या घरांचे रुपयेही हाताने पोचवले, मग तो चार कारागिरांसह भोवरे बनवत राहिला आणि सखबा धरून गेलेली छत्तीस माणसे त्याला पुन्हा कधीच बोलावता आली नाहीत.

तेल्याच्या मुलीने मात्र त्या संध्याकाळी आडावरून पाण्याची घागर भरून आणली. बाप मागोमाग चालला होता, ती म्हणाली, "धरू नका, मी आणते."

म्हणून लहानथोरांनो, एवढे ध्यानात ठेवा: पैशाचे देणे हाताने फिटते, पण दुसऱ्याच्या माथी मारलेल्या चुकीचे देणे चारचौघांत आपल्याच तोंडाने फेडावे लागते.