सुगरणीची उघडी वीण

माणूस बाजार मांडायला शिकला नव्हता, तेव्हा आठवडी बाजार प्राणीच भरवत. सुगरण तिथे सर्वांसमोर टोपल्या विणायची. कुणीही वीण शिकावी, हवी तशी सुधारावी आणि सुधारलेली इतरांना दाखवावी, एवढीच तिची रीत होती.

शेंगा विकणाऱ्या खारूताईला ते हलके वाटे. तिने डोंगरापलीकडच्या साळिंदराकडून लाखेने बंद केलेली टोपली आणली आणि शेजारणीवर खेकसली, "ए चिचुंद्रे, तुझी फुकटची टोपली तिकडे सरकव!"

ऐन गर्दीत खारूताईच्या टोपलीचे बूड फाटले. शेंगा उतारावरून ओढ्याकडे घरंगळू लागल्या. लाखेखालची वीण कुणालाच ठाऊक नव्हती.

"अगं, रडतेस काय? शेंगा अडव!" म्हणत चिचुंद्रीने गवत ओढले आणि सुगरणीच्या विणीने बघता बघता नवे बूड विणले.

खारूताईने ते ओढून पाहिले. हलेना. "ही दुहेरी गाठ कुणाची?"

"मला सुचली. आता सगळ्यांची."

खारूताईने शेपटी आवरली. "चिचुंद्रीताई, पुन्हा एकदा दाखवता का?"

पलीकडून सुगरण टुणकन उडत आली. "थांबा, थांबा! मलाही शिकायचीय!"